जुन्या गाडीचा स्पार्क प्लग: मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे बाबांची टू-स्ट्रोक चेतक आहे आणि माझी कार्बोरेटरवाली मारुती ८००, दोन्ही नाशिकला सिडकोत घराखाली उभ्या असतात आणि दोन्हींचं बारीकसारीक काम मीच करतो. मी मेकॅनिक नाही. पण जुनी गाडी ठेवणारे ओळखीचे खूप झालेत, कोणाकडे आरएक्स १००, कोणाकडे येझदी, कोणाकडे सीडी १००, आणि सगळे फिरून फिरून तेच विचारतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतोय. कोणीही प्लगचा प्रश्न विचारला की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, नवा घ्यायच्या आधी जुना काढून नीट बघा.

प्लग बदलला की गाडी मस्त चालते, आणि आठ-पंधरा दिवसात परत तेच. असं का?

कारण बिघाड बहुतेक वेळा प्लगमध्ये नसतोच. कार्बोरेटर जास्त पेट्रोल सोडतोय, एअर फिल्टर तुंबलाय, पिस्टनच्या रिंगा गेल्यात, पॉइंट (स्पार्कसाठी करंट तोडणारे संपर्क) जळलेत, असं काहीतरी असतं आणि त्याची काजळी येऊन बसते प्लगवर. नवा कोरा प्लग काही दिवस ते सहन करतो, मग तोही काळा होतो. आमच्या ओळखीच्या एका काकांनी एका वर्षात स्कूटरला पाच प्लग घातले, शेवटी बघितलं तर चोकची केबल अडकून चोक अर्धा ओढलेलाच राहत होता, म्हणजे पेट्रोल सतत जास्त जात होतं. केबलला तेल सोडलं आणि विषय संपला. पाचही प्लग तसे चांगलेच होते हो, घासून परत वापरले.

माझ्या गाडीला कोणता प्लग लागतो?

गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो नंबर लिहिलाय तोच. मॅन्युअल हरवलं असेल तर प्लग कंपन्यांचा चार्ट असतो, चांगल्या स्पेअरपार्टच्या दुकानात मिळतो बघायला, त्यात मॉडेल आणि सालाप्रमाणे नंबर दिलेले असतात. सध्या गाडीत जो प्लग आहे तोच नंबर दुकानात सांगू नका, आधीच्या मालकाने किंवा कुठल्यातरी गॅरेजवाल्याने हाताला येईल तो बसवलेला असू शकतो, जुन्या गाडीत हे फार होतं.

नंबर वाचायला शिका, अवघड नाही. एनजीके कंपनीचा बीपी६ईएस हा नंबर घ्या. पहिला बी म्हणजे आट्याचा व्यास १४ मिमी (सी असेल तर १० आणि डी असेल तर १२). पी म्हणजे आतलं चिनीमातीचं टोक जरा पुढे आलेलं. ६ म्हणजे हीट रेंज, याबद्दल खाली सांगतो. ई म्हणजे आट्याची लांबी १९ मिमी, तिथे एच असेल तर १२.७ मिमी. एस म्हणजे साधा तांब्याच्या गाभ्याचा. मध्ये आर असेल तर आत रेझिस्टर आहे. आणि शेवटी कधी डॅश देऊन ११ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ गॅप (स्पार्क उडतो ती दोन टोकांमधली फट) १.१ मिमी, तो जुन्या पॉइंटवाल्या गाडीला नकोच, तेवढा गॅप मारायची तिच्या कॉईलची (व्होल्टेज वाढवते ती) ताकद नसते.

हॉट प्लग घेतला तर स्पार्क जोरात पडतो ना?

नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की मी थकलो सांगून. हॉट आणि कोल्डचा स्पार्कशी काही संबंध नाही. प्लगच्या टोकाला जी उष्णता लागते ती तो किती लवकर हेडमध्ये (इंजिनचा वरचा भाग, जिथे प्लग बसतो) सोडतो एवढाच तो हिशोब आहे. आतलं पांढरं टोक लांब असेल तर उष्णतेला बाहेर पडायला लांबचा रस्ता, म्हणजे टोक तापलेलं राहतं, तो हॉट. टोक आखूड असेल तर उष्णता पटकन निघून जाते, तो कोल्ड.

टोकाचं तापमान साधारण ४५० ते ५०० डिग्रीच्या वर गेलं की त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. आणि ८५० च्या आसपास पोचलं की टोकच निखाऱ्यासारखं होतं, स्पार्क पडायच्या आधीच पेट्रोल पेटतं, आणि मग पिस्टनला भोक पडेपर्यंत गोष्ट जाते. म्हणजे प्लगला या दोन आकड्यांच्या मध्ये राहायचंय. कंपनीने नंबर ठरवताना हेच बघितलेलं असतं, म्हणून उगाच नंबर हलवू नका.

आता आपल्याकडचं उदाहरण. इंदिरानगरहून भाजी बाजारात आणि परत एवढीच स्कूटर फिरत असेल तर टोक कधी तापतच नाही आणि प्लग काळा होत राहतो. यावर लोक हॉट प्लग टाकतात, मग कधीतरी दोघं बसून सामान लादून तीच स्कूटर कसारा घाट चढवतात आणि इंजिन पकडतं, म्हणजे तापून पिस्टन आतच अडकतो. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा त्र्यंबक रोडला वीसेक किलोमीटर नीट चालवून आणा, प्लग स्वतःच स्वतःला साफ करतो.

एनजीके नव्हता म्हणून दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचा दिला, नंबर मात्र एकच आहे. चालेल?

अजिबात धरून चालू नका. एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड होतो, ६ पेक्षा ७ थंड. डेन्सोमध्येही तसंच. बॉशमध्ये उलटं, ७ पेक्षा ८ गरम, आणि चॅम्पियनमध्येही आकडा वाढला की गरम. म्हणजे एकाचा ८ आणि दुसऱ्याचा ८ ही दोन टोकं असू शकतात!

जुनी मंडळी अजून मायकोचा, म्हणजे आताच्या बॉशचा, नंबर सांगतात, एकशे पंच्याहत्तर द्या, दोनशे पंचवीस द्या. त्या तीन आकडी पद्धतीत मोठा आकडा म्हणजे थंड प्लग होता. पुढे बॉशने एक-दोन आकडी पद्धत आणली तेव्हा ते उलटलं, जुना १७५ म्हणजे आताचा ७ आणि २२५ म्हणजे आताचा ५. कंपनीचं नावसुद्धा २००८ मध्ये मायकोचं बॉश झालं, आपण नाशिककर मात्र अजून मायको सर्कलच म्हणतो. तर जुन्या डबीवरचा नंबर असेल तर चार्टवरूनच बदली नंबर काढा, अंदाजाने नको.

आटे बसले म्हणजे प्लग बरोबर आहे ना?

व्यास बरोबर आहे एवढंच कळलं. लांबी तपासा. आखूड आट्याच्या हेडमध्ये लांब प्लग बसवला तर पुढचं टोक पिस्टनला लागू शकतं, आणि नाही लागलं तरी आत उघड्या पडलेल्या आट्यांवर कार्बन बसतो आणि प्लग बाहेर निघताना हेडचे आटे घेऊन येतो. उलट लांब हेडला आखूड प्लग बसवला तर स्पार्क खड्ड्यात पडल्यासारखा होतो, गाडीला पिकअपच राहत नाही. जुना आणि नवा शेजारी शेजारी धरून बघा, दहा सेकंदांचं काम आहे.

इरिडियम टाकू का?

टाकू शकता, नुकसान नाही, पण आधी गाडी ठीक असू द्या. इरिडियमचं मधलं टोक सुईसारखं बारीक असतं म्हणून कमी व्होल्टेजवरही स्पार्क पडतो, आणि धातू चिवट आहे, वितळायला २४०० डिग्रीच्या वर लागतात, त्यामुळे टिकतो जास्त. पण जिचा कार्बोरेटर बिघडलाय किंवा जी ऑइल खाते तिच्यात महागाचा प्लग पण तितकाच काळा होतो. माझ्या चेतकला मी साधाच वापरतो, टू-स्ट्रोकमध्ये ऑइल जळतंच, प्लग तसाही लवकर बदलावा लागतो, मग स्वस्त आणि ताजा बरा. आणि इरिडियमचं टोक ब्रशने घासायचं नाही, गॅपसाठी मधल्या टोकाला रेटा द्यायचा नाही, ते मोडतं.

रेझिस्टरवाला प्लग जुन्या गाडीला चालतो का?

चालतो. बरेचदा प्लग कॅपमध्येच पाच हजार ओहमचा रेझिस्टर असतो, त्यात आर प्लगची भर पडली तरी चांगल्या कॉईलला फरक पडत नाही. कॉईलच मरायला टेकली असेल तर पडतो. सीडीआय (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन) असलेल्या गाडीला मात्र कंपनीने आर सांगितला असेल तर आरच टाका.

गॅप किती ठेवायचा आणि घरी कसा मोजायचा?

मॅन्युअल बघा, पण पॉइंटवाल्या जुन्या गाड्यांचा बहुतेक ०.६ ते ०.७ मिमीच्या आसपास असतो. नवा प्लग डबीतून काढून तसाच बसवू नका, तोच प्लग चार वेगवेगळ्या गाड्यांना जातो आणि वाटेत डबी पडलेली पण असते.

फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पट्ट्या) घ्या, फार महाग नाही. आपल्या गॅरेजमध्ये एक्सॉ ब्लेड (लोखंड कापायच्या करवतीचं पातं) घालून बघतात, ते अगदीच चुकीचं नाही, साध्या हॅन्ड एक्सॉचं ब्लेड साधारण ०.६ मिमीच जाड असतं, पण दातांची बाजू घालायची नाही कारण दात दोन्हीकडे वाकवलेले असतात आणि तिथे जाडी जास्त भरते. गेज किंचित घासत गेलं पाहिजे, सैल नको आणि अडकायलाही नको. कमी करायचा असेल तर बाहेरचं वाकडं टोक लाकडावर हलकेच ठोका. वाढवायचा असेल तर तेच टोक हळू उचला. मधल्या टोकाला पाना लावून रेटलं की चिनीमातीला तडा जातो, बारीक असतो, दिसत पण नाही, आणि मग गाडी फक्त चढावर मिसफायर मारते आणि महिनाभर कारण सापडत नाही.

प्लगचा रंग बघून काय कळतं?

जवळजवळ सगळं! पण बघायची पद्धत आहे. घराखाली गाडी पाच मिनिटं आयडलवर ठेवून प्लग काढला तर तो काळाच दिसणार, त्यावरून काही ठरवू नका. मोकळ्या रस्त्याला गाडी पूर्ण गरम करा, दोन-तीन किलोमीटर बऱ्यापैकी वेगात चालवा, मग मागे कोणी नाही बघून क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करा आणि गाडी बाजूला घ्या. थोडं गार होऊ द्या. मग काढा.

फिकट बिस्किटाचा रंग, किंवा राखेकडे झुकणारा, म्हणजे इंजिन खुश आहे. पूर्वी गडद तपकिरी चांगला म्हणायचे, पण ते शिशाच्या पेट्रोलचे दिवस होते, देशात २००० सालापासून ते बंद झालं, त्यामुळे आता जरा फिकटच दिसतो, घाबरू नका.

कोरडी काळी मखमली काजळी, बोटाला लागते आणि पुसली जाते, म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर आधी बघा, आपल्याकडे सिन्नर नाहीतर अंबडच्या बाजूला जाणंयेणं असेल तर धुळीने तो लवकर भरतो. मग चोक, मग कार्बोरेटरमधला फ्लोट (पेट्रोलची पातळी धरतो तो). अशी गाडी पीयूसीलाही अडकते.

काळा पण ओला, तेलकट. फोर-स्ट्रोक असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील, सायलेन्सरमधून निळसर धूर पण असेल. टू-स्ट्रोक असेल तर आधी स्वतःला विचारा की टूटी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळायचं) किती ओततोय. चेतकसारख्या स्कूटरला लिटरला २० मिली पुरतं, पण मनाची शांती म्हणून लोक वाढवतात, मग प्लगही भरतो आणि सायलेन्सरही तुंबतो. कमीही करू नका, तिथे इंजिनच जातं.

पांढराफटक, वर बारीक फोड किंवा धातूचे मणी, याला सगळ्यात जास्त घाबरा. इंजिन जास्त तापतंय. कुठूनतरी जादा हवा शिरतेय, कार्बोरेटरचा जेट (पेट्रोलचं बारीक भोक) तुंबलाय, स्पार्कचं टायमिंग पुढे गेलंय किंवा चुकीचा हॉट प्लग आहे. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचं सील गेलं तरी असं होतं. काळ्या प्लगवर गाडी महिनोन्महिने चालते, पांढऱ्यावर एका घाटात पिस्टन जातो.

मारुतीसारख्या गाडीत तिन्ही प्लग काढून त्याच क्रमाने कागदावर ठेवा. तिन्ही सारखे काळे असतील तर कार्बोरेटर. एकच वेगळा दिसत असेल तर त्याच सिलेंडरचं काहीतरी, वायर, व्हॉल्व्ह, हेड गास्केट. माझ्या ८०० चा दोन नंबरचा एकटाच तेलकट यायचा, बाकीचे दोन छान, तेव्हा मी कार्बोरेटरला हात न लावता सरळ व्हॉल्व्ह सील बदलून घेतले आणि तेच निघालं.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, त्याने प्लगला काही होतं का?

थेट प्लगला नाही. पण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरवर मिश्रण थोडं पातळ पडतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि प्लग आधीपेक्षा पांढरट दिसतो. एअर स्क्रू परत सेट करून घ्या, गरज पडली तर मेन जेट एक नंबर मोठा. दुसरं म्हणजे इथेनॉल पाणी ओढतं, महिनोन्महिने उभ्या गाडीच्या टाकीत पाणी वेगळं होऊन तळाला बसतं आणि मग तुम्ही प्लग बदलत बसता. गाडी उभी ठेवायची असेल तर फ्लोट चेंबर रिकामा करा. रबरी पाइप आणि वायसर पण बघत राहा, जुन्या काळच्या रबराला हे पेट्रोल सोसत नाही.

साफ कसा करायचा? पॉलिश पेपर चालेल?

टोकांच्या धातूला बारीक पॉलिश पेपर हलका चालतो. पांढऱ्या चिनीमातीला नको, तिचा गुळगुळीतपणा गेला की काजळी अजून पटकन चिकटते. लोखंडी वायर ब्रशही नको, धातूच्या रेघा उमटतात आणि करंट त्या रेघांवरून शॉर्ट होतो. पेट्रोलमध्ये किंवा कार्ब क्लीनरमध्ये बुडवा, जुन्या टूथब्रशने घासा, पूर्ण वाळवा. वाळूचा मारा करून साफ करायचं मशीन काही गॅरेजमध्ये असतं, मी टाळतो, आत खाचेत अडकलेला एक कण सिलेंडरमध्ये पडला तर ओरखडे काढतो. गॅस शेगडीवर धरून तापवायची सवय पण सोडा, एकदम गरम होऊन चिनीमाती तडकू शकते.

किती घट्ट करायचा?

यात माझं स्वतःचं हेड गेलंय म्हणून सविस्तर सांगतो. चेतकचं हेड ॲल्युमिनियमचं, मी घाईत गरम इंजिनवर प्लग बसवला, जरा तिरका लागला होता, हाताला जड लागलं तरी मी पान्याने दाबून फिरवला. आटे गेले. मग हेलीकॉईल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) घालून घ्यावी लागली, दोन दिवस स्कूटर बंद आणि बाबा काही बोलले नाहीत पण मला फार वाईट वाटलं, पंचवीस वर्षं त्यांनी एकदाही ते आटे दुखावले नव्हते.

तर इंजिन गार असताना. आधी प्लगभोवतीची धूळ फुंकून काढा नाहीतर ती आत पडते. प्लग नुसत्या बोटांनी लावा, आधी उलटा फिरवा, टक करून आटा बसल्याचं कळतं, मग सुलटा. वायसर टेकेपर्यंत बोटांनीच. नवा असेल तर तिथून पान्याने अर्धा फेरा, कारण नवा वायसर दाबला जायचा असतो. जुनाच परत लावत असाल तर अर्धा नाही, घड्याळात एक वाजल्याइतकं, बस. टॉर्क पाना असेल तर ॲल्युमिनियम हेडला १४ मिमीचा प्लग २५ ते ३० न्यूटन मीटर, १० मिमीचा फक्त १० ते १२. आट्यांना ग्रीस किंवा ऑइल लावू नका, घसरट आट्यावर हाताचा अंदाज चुकतो आणि जास्त आवळलं जातं.

इगतपुरीला पावसात गाडी बंद पडते, घरी आणून वाळली की चालू. प्लग बदलू?

प्लग नको, कॅप आणि वायर बदला. जुनी रबरी कॅप आतून तडकलेली असते, पाणी शिरलं की करंट बाहेरूनच हेडला जातो. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून वायरवर पाण्याचा हलका फवारा मारून बघा, निळ्या ठिणग्या दिसतात. कॅप बदलताना वायरचं जुनं टोक अर्धा सेंटीमीटर कापून ताज्या तांब्यावर कॅप फिरवा.

थंडीत सकाळी किक मारून मारून पाय दुखतो, प्लग काढला तर पेट्रोलने चिंब.

निफाडकडे पारा पाचाच्या आसपास येतो तेव्हा हा प्रश्न हमखास येतो. चोक ओढून दहा किका मारल्या की फ्लड होणारच. चोक बंद, पेट्रोल कॉक बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून पाच-सहा किका मारा, आतलं पेट्रोल बाहेर पडतं. नाही झालं तर प्लग काढा, पुसा, उन्हात ठेवा, तोवर प्लग नसताना चार किका मारून सिलेंडर मोकळा करा, कॅप लांब ठेवून आणि इग्निशन बंद करून. रात्री पेट्रोल कॉक बंद करायची सवय लावली तर निम्मा त्रास जातो.

स्पार्क येतोय का ते कसं बघू?

प्लग कॅपला लावा, प्लगची बॉडी हेडच्या धातूला पक्की टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब, आणि किक मारा. निळा-पांढरा आणि टक आवाज करणारा हवा. पिवळा, लाल, बारीक म्हणजे कॉईल, कंडेन्सर किंवा पॉइंट. प्लग हातात धरू नका, रबरी मुठीचा पक्कड वापरा, दहा-वीस हजार व्होल्ट असतात. भोकातून पेट्रोलची वाफ येत असते, भोकाजवळ स्पार्क पाडला तर भडका उडतो.

किती किलोमीटरला बदलायचा?

साधा प्लग फोर-स्ट्रोक बाइकला दहा-बारा हजार, कारला पंधरा-वीस हजार, टू-स्ट्रोकला बाइकच्या निम्मं धरा. मध्ये दोन-तीन हजाराला काढून बघायचा आणि गॅप तपासायचा. मधल्या टोकाच्या कडा गोल झाल्या की संपला, साफ करून उपयोग नाही.

गाडीला सीएनजी किट आहे.

गॅसला स्पार्क पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, गॅप किटवाल्याने सांगितल्याप्रमाणे थोडा कमी ठेवा आणि प्लग पेट्रोलपेक्षा लवकर बदला.

माझी जुनी डिझेल जीप आहे, तिला कोणता प्लग?

स्पार्क प्लग नसतोच. डिझेल दाबाने तापलेल्या हवेत आपोआप पेटतं. काही इंजिनांना थंडीत स्टार्टसाठी हीटर प्लग असतात, ते वेगळं काम. आपल्या सातपूरच्या बॉशमध्ये जे नोझल आणि इंजेक्टर बनतात ते या डिझेल इंजिनांसाठीच.

नकली प्लग कसा ओळखायचा?

अस्सल प्लगचा वायसर सहज फिरवून बाहेर निघत नाही, नकलीचा हातात येतो. वाकडं टोक मधल्या टोकाच्या बरोबर समोर हवं. आटे गुळगुळीत, छपाई स्वच्छ. बिल मागा, बिल द्यायला टाळाटाळ केली तर दुसरं दुकान.

डिक्कीत काय ठेवू?

गॅप करून ठेवलेला एक चांगला प्लग त्याच्याच डबीत, प्लग पाना, फिलर गेज, कोरडं फडकं आणि टूथब्रश. वणीला गड चढायच्या आधी एकदा डिक्की उघडून पाना आहे ना बघून घ्या, कोणीतरी काढून घरात ठेवलेला असतो.